अहो, भोकरदन!

थांबा! हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि हे ऐका! भोकरदन माहीत आहे ना? आपल्या जालना जिल्ह्यातलं, राजूरच्या गणपतीला बसमधूनच नमस्कार करून पुढे निघालं की लागणारं तालुक्याचं गाव? तहसील, कोर्ट, कापूस, मका, मिरची? तेच! त्या भोकरदनचं नाव सांचीच्या स्तूपावर कोरलेलं आहे! सांचीच्या! दगडात! दोन हजार वर्षांपूर्वी! आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा!

मला हे नुकतंच कळलंय आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. घरी सांगून झालं, शेजारच्या काकूंना गॅलरीतून ओरडून सांगून झालं, बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांना सांगून झालं, ते "हो का?" म्हणाले आणि पासबुक उघडून बसले, आणि मग मी ठरवलं की आता लिहायचंच!

आधीच सांगते, मी यातली जाणकार नाही. इतिहास शाळेत शिकले तेवढाच, संस्कृत दहावीपर्यंत, प्राकृत अजिबात नाही. ब्राह्मी लिपीतली दोन अक्षरं तेवढी ओळखता येतात आणि तीही या नादात शिकले. पण ती दोन अक्षरं कोणती ते ऐकाच, कारण सगळी मजा तिथूनच सुरू होते!

वाचनालयात सांचीवरचं एक जुनं पुस्तक चाळत होते. त्या स्तूपाच्या कठड्यावर आणि फरशांवर शेकडो छोटे छोटे लेख आहेत. एवढा मोठा स्तूप म्हणजे राजांचे असतील असं वाटतं ना? बहुतेक सगळे साध्या माणसांचे! विणकराचं दान. भिक्षुणीचं दान. व्यापाऱ्याच्या बायकोचं दान. कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी पट्टी, कुणी एक फरशी, आणि त्यावर आपलं नाव, आपलं गाव आणि शेवटी 'दानं'. बस! आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नाव आणि गाव रंगवलेलं असतं ना, अगदी तसंच!

आणि या छोट्या लेखांनीच ब्राह्मीचं कुलूप उघडलं, हे तर मला ठाऊकच नव्हतं! कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारे जेम्स प्रिन्सेप १८३७ मध्ये सांचीच्या लेखांचे ठसे घेऊन बसले होते. ती लिपी धड कुणाला वाचता येत नव्हती. त्यांच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच दोन अक्षरांवर संपते. मग त्यांना सुचलं की हे देणगीचे लेख असावेत, आणि मग ती दोन अक्षरं 'दा' आणि 'नं' असावीत, आणि मग 'द' आणि 'न' हाती लागले म्हणताना बाकीची अक्षरं एकेक करून सुटत गेली, आणि मग अशोकाचे लेख वाचले गेले! विणकरांनी, बायकांनी, भिक्षुणींनी दिलेल्या देणग्यांच्या पावत्यांवरून! 'न' तर तुम्हीही आत्ता काढू शकता. एक आडवी रेघ, तिच्या मधोमध उभी काठी. शेजारी टिंब दिलं की 'नं'. काढलात? आलं की तुम्हाला ब्राह्मी!

तर त्या पुस्तकात देणगीदारांच्या गावांची यादी होती. विदिशा, उज्जैन, माहिष्मती, नंदिनगर, कुरर. मी बोट फिरवत खाली खाली जात होते आणि एका नावाशी बोट थांबलं. भोगवढन! म्हणजे भोगवर्धन! आणि समोर लिहिलेलं, आजचं भोकरदन, औरंगाबाद जिल्हा! जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचं पुस्तक, म्हणून औरंगाबाद. मी वाचनालयात मोठ्यांदा "अरे!" म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहू देत!

नकाशा काढला. भोकरदनपासून सांची सरळ रेषेत साधारण चारशे किलोमीटर. पण सरळ रेषेत कोण चालतंय? अजिंठ्याचा घाट उतरायचा, तापी ओलांडायची, सातपुडा चढायचा, नर्मदा ओलांडायची, मग विंध्य! पायी, नाहीतर बैलगाडीनं! आणि तिथं पोचल्यावर गाठीचे पैसे सोडून द्यायचे आणि कारागिराला सांगायचं, बाबा रे, माझं नाव घाल, आणि गाव विसरू नकोस, भोगवढन! भारहूतच्या स्तूपालाही भोगवर्धनच्या माणसांनी दान दिलंय, त्याचा कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. मार्कंडेय पुराणात दक्षिणेकडच्या देशांची नावं येतात, त्यात अश्मकांच्या बरोबरीनं भोगवर्धन! आणि आपण काय विचारतो? "भोकरदनची गाडी किती वाजता आहे हो?"

तर मी तीच गाडी विचारली आणि निघाले!

लहानपणापासून या रस्त्यानं गेलेय मी. लग्नाला, दहाव्याला, सिल्लोडकडच्या नातेवाइकांकडे. पण या वेळी खिडकीला नाक लावून बसले होते! दोन्ही बाजूंना कपाशी, मका, मधेच मिरचीचे प्लॉट, चंदेरी मल्चिंग पेपरवर ओळीनं उभी झाडं, आणि मला सारखं वाटत होतं की याच पट्ट्यातून ती माणसं उत्तरेकडे निघाली असतील! पैठणहून उज्जैनकडे जाणारा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग अजिंठ्याच्या डोंगराकडे याच भागातून जायचा. म्हणजे हा रस्ता चालू आहे हो! दोन हजार वर्षं चालू आहे! फक्त आता त्यावर ट्रॅक्टर आहेत!

स्टँडबाहेर चहा घेतला. चहावाल्या मामांना मी सांचीचं सांगितलं. ते किटली हातात तशीच धरून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आमचं गाव जुनं हाये हे म्हाईत होतं ताई, पण इतकं लांब गेलेलं म्हाईत नव्हतं." आणि मग त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारली, आणि मग झेरॉक्सवाल्यानं कोर्टातून बाहेर पडणाऱ्या एका वकीलसाहेबांना थांबवलं, आणि मग पाच-सात माणसं जमली आणि मी त्या सगळ्यांना टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोटानं 'न' काढून दाखवत होते! एकानं विचारलं, "यात जुई धरणाचं काही लिहिलंय का?" सगळे हसले. गावाला पाणी जुईचं, त्यामुळे पावसाळ्यात सगळ्या गप्पा फिरून तिथंच येतात. त्यांनी मला आधी केळना पाहायला सांगितलं. पाणी असेल तर बघा, म्हणाले!

केळना! गावाला लागूनच वाहते, पुढे पूर्णेला जाऊन मिळते. मी गेले तेव्हा मधल्या खडकांतून पाण्याची एक बारीक धार होती, काठावर दोन बायका धुणं धूत होत्या, आणि काठाच्या खडकातच लेणी! मोठा डोंगर नाही, कडा नाही, नदीकाठच्या बसक्या खडकात कोरलेली! वैष्णव लेणी आहेत, सातवाहनांच्या बऱ्याच नंतरची. लोक तुकाई म्हणतात. म्हणजे सांचीला दान देणारी माणसं गेली, त्यांच्यामागून कित्येक पिढ्या गेल्या, आणि तरी या गावाला खडक कोरून घ्यायची हौस आणि ऐपत होतीच! आत वाकून पाहिलं. गारवा! बाहेर ऊन रणरणतंय आणि आत हाताला थंड लागणारा दगड! धुणं धुणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "नवस हाये का?" म्हटलं, नाही हो मावशी, नुसतं बघायला आले. "बघा की मग, आपलंच हाये." आपलंच! बरोबर बोलल्या!

आणि मग खरी गोष्ट. खाली बसा!

१९७३ मध्ये या गावात उत्खनन झालं. नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ, दोघांनी मिळून. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते हे दोघे अभ्यासक. पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल पुस्तकरूपानं आला. गावाच्या पांढऱ्या मातीखाली काय काय निघालं! सातवाहनांच्या आधीची वस्ती, तिच्यावर सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं नगर, भाजक्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या आणि मणी! मणीच मणी! अकीक, कार्नेलियन, स्फटिक! मला कशानं वेड लावलं सांगू? अर्धवट घडवलेल्या मण्यांनी! पुरा झालेला मणी कुठूनही विकत आणता येतो. अर्धा घडवलेला मणी म्हणजे इथं कारागीर बसत होता! कुणीतरी दगड तासत होतं, घासत होतं, भोक पाडायला घेतलं आणि मणी तडकला, आणि मग चिडून त्यानं तो फेकून दिला, आणि तो फेकलेला मणी आज सांगतोय की हा कारखाना इथं होता! बाईच्या गळ्यात मिरवायला गेलेले मणी कुठल्या कुठे गेले आणि बिघडलेला मणी गावातच राहिला!

गावातले एक आजोबा भेटले, पारावर बसलेले. म्हणाले, "आमच्या लहानपणी पहिला पाऊस झाला की मणी उघडे पडायचे. पोरं वेचायची. गोट्यांसारखी खेळायची." मी त्यांना म्हटलं, आजोबा, त्यातला एखादा आहे का हो तुमच्याकडे? ते हसले. "कुठला गं बाई! ढोरांच्या गळ्यात बांधले सगळे."

पण थांबा, मणी अजून काहीच नाहीत! त्या मातीत हस्तिदंती कामही होतं. हस्तिदंतात कोरलेली एक स्त्री! आणि आता मी तुम्हाला भोकरदनहून उचलून थेट इटलीत नेते, घट्ट धरून बसा!

पाँपेई. व्हेसुव्हिअस ज्वालामुखी इसवी सन ७९ मध्ये फुटला आणि सगळं शहर राखेखाली गाडलं गेलं. ते खणत खणत १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी नावाच्या पुरातत्त्वज्ञांना एका घरात हस्तिदंताची वीतभर उंचीची मूर्ती मिळाली. बाई भारतीय! अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण दागिने विचारू नका! मनगटापासून कोपराकडे चढत गेलेल्या बांगड्या, पायांत थेट वरपर्यंत वाळे, कमरेला मेखला, गळ्यात हार. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातात शृंगाराचं साहित्य. डोक्यात वरून भोक पाडलेलं, म्हणजे ती आरशाची मूठ असेल नाहीतर एखाद्या देखण्या तिवईचा पाय. लोक तिला पाँपेईची लक्ष्मी म्हणू लागले आणि ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ज्या घरात सापडली त्या घराचं नावच पडलं, भारतीय मूर्तीचं घर!

ती कुठं घडली? आधी अभ्यासकांना वाटायचं मथुरेकडे. आणि मग भोकरदनची हस्तिदंती बाई मातीतून वर आली, तशाच धाटणीची! धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशीच एक सापडली, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. आणि मग म. के. ढवळीकरांसारख्या मोठ्या अभ्यासकांनी म्हटलं की पाँपेईची ती बाई इकडची, दख्खनची, भोकरदनकडची असावी! भोकरदनची! कळतंय का? आपल्या केळनेच्या काठी कुणीतरी बसून हस्तिदंत कोरला, आणि मग ती मूर्ती बैलगाडीतून भडोचला गेली, आणि मग जहाजात चढली, आणि मग वाऱ्यावर समुद्र ओलांडून इजिप्तच्या किनाऱ्याला लागली, आणि मग उंटावरून, मग नाईल नदीतून, मग पुन्हा जहाजातून इटलीत, आणि मग एका श्रीमंत घरात मांडली गेली, आणि मग ज्वालामुखी फुटला!

सगळ्या अभ्यासकांचं यावर एकमत नाही, हेही सांगायलाच हवं. तिच्यावर एक अक्षर कोरलेलं आहे, ते खरोष्ठी लिपीतलं, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. शिवाय विदिशेलाही नामांकित दंतकार होते. सांचीच्या दक्षिण तोरणावर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं! आता विदिशा सांचीपासून हाकेच्या अंतरावर, आणि आपली भोगवर्धनची माणसं दान द्यायला त्याच सांचीला जात होती! भेटले असतील का हो हे लोक एकमेकांना? हत्यारं दाखवली असतील का? नमुने दिले-घेतले असतील का? मी जाणकार असते तर इथं सावधपणे गप्प बसले असते. मी जाणकार नाही, म्हणून विचारतेय, आणि माझ्या मनानं भोकरदनला कौल दिलाय! शेवटी कुणाचंही खरं ठरो, मूर्ती पाँपेईत सापडते आणि तिची बहीण भोकरदनला, एवढं तर कुणी नाकारू शकत नाही ना? मला तेवढं पुरतं!

फोनवर त्या मूर्तीचा फोटो होता. पारावरच्या आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोन लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाले, "दागिनं चांगलं हाये. बाई आपल्याकडचीच वाटती." ढवळीकरांच्या पाठोपाठ हे मला दुसरं शास्त्रोक्त मत वाटलं!

माझं आता एकच म्हणणं आहे आणि ते मी सगळ्यांना ऐकवणार. भोकरदनच्या स्टँडवर या मूर्तीचं भलंमोठं चित्र लागलं पाहिजे! खाली सांची, भारहूत, पाँपेई अशी नावं आणि प्रत्येकाचं अंतर! गावातल्या प्रत्येक पोराला कॉलेजात कुणी "कुठून आलास?" विचारलं तर मान वर करून सांगता आलं पाहिजे! मला भेटलेल्या शाळकरी मुलींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यात त्यांचा काय दोष? कुणी सांगितलंच नाही! मी सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे पाहायला हवे होते! एकीनं लगेच विचारलं, "म्हणजे तेव्हा बायका स्वतःच्या नावानं दान द्यायच्या? नवऱ्याच्या नावानं नाही?" काय प्रश्न आहे! सांचीच्या लेखांत बायकांची नावं भरपूर आहेत, गं पोरी, भरपूर! ती वहीत लिहून घेत होती!

संध्याकाळी पिंपळगाव रेणुकाईला गेले. भोकरदन तालुक्यातलंच गाव, हिरव्या मिरचीची मोठी बाजारपेठ. आणि मला वाटलं होतं की जुन्या गोष्टींनी भरलेलं डोकं घेऊन मी तिथं काय पाहणार! अहो, डोळे चुरचुरले! हवेतच तिखट! हिरव्यागार मिरचीचे ढीगच्या ढीग, वजनकाटे, बोली, ओरडा, पोती शिवणारे हात, मालाच्या उभ्या गाड्या. उन्हाळ्यात ठिबकवर लावलेली मिरची पावसाळ्याच्या तोंडाला तोडायला येते, दिवसभर शेतातून बायका तोडतात आणि संध्याकाळी माल इथं येतो. तोडणीच्या एका ताईंनी मला हात दाखवले. बोटांची टोकं लाल, सुजलेली. "रातभर आग होती. गोडं तेल लावायचं न् निजायचं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोडणीला! त्या हातांकडे पाहून मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. बाजारात भाव पुकारला जातो तेव्हा या बोटांचा हिशेब त्यात किती असतो, हे विचारायला हवं, आणि मी पुन्हा जाऊन विचारणार आहे.

एका शेतकरी दादांना विचारलं, माल कुठं जातो? ते म्हणाले, "कुठं कुठं! परराज्यात जातो, मोठ्या शहरात जातो. आपल्याला काय, गाडी भरली की झालं." आणि मला इतकं भरून आलं! कारण मणी घडवणारा माणूसही असंच म्हणाला असेल! माल बैलगाडीत चढला, चालला भडोचकडे, तिथून कुठं कुठं! त्याला कुठं ठाऊक होतं पाँपेई! मी दादांना ही सगळी कथा सांगितली, मिरचीच्या ढिगाशेजारी उभं राहून, शिंकत शिंकत! ते ऐकत होते, मध्येच त्यांचा माल पुकारला, ते धावत गेले, भाव ठरवून परत आले आणि म्हणाले, "हां, मग जहाजात चढली ती मूर्ती. पुढं?"

रात्री त्यांच्याच घरी जेवले. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, त्याच मिरचीचा ठेचा. जेवताना दादांच्या आईनं विचारलं, "त्या सांचीला आता जाता येतं का?" येतं की आजी! अजिंठ्याचा घाट उतरून भुसावळ गाठायचं, तिथून इटारसी, भोपाळ, आणि भोपाळ-विदिशेच्या मध्ये सांची! रेल्वेसुद्धा तापी ओलांडते, सातपुड्यातून जाते, नर्मदा ओलांडते, म्हणजे वाटेत नद्या आणि डोंगर सगळे तेच!

आणि मग ठरलं! दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी उरकली की निघायचं. चहावाले मामा येणार आहेत, झेरॉक्सवाले येणार आहेत, आजींनी गुडघ्याला पट्टा बांधून यायचं कबूल केलंय, वहीवाली मुलगी आईला विचारून सांगणार आहे. भुसावळपर्यंत जीप ठरवलीय. तिच्यात अजून जागा आहे, आणि 'नं' तर तुम्हाला आता वाचता येतं. सांचीच्या कठड्यावर भोगवढन शोधायला डोळे जितके जास्त तितके बरे, तेव्हा येताय का ते लवकर कळवा, मला रिझर्व्हेशन करायचंय!